दाखल होण्यापासून घरी जाईपर्यंत: औषधांची यादी कुठे बिघडते

रुग्ण वॉर्डात आला की नातेवाइकांकडे आम्ही रुग्णालयातले फार्मासिस्ट सगळ्यात आधी मागतो ती घरच्या गोळ्यांची पिशवी. फाईल असतेच, पण डॉक्टरांनी काय लिहून दिलं एवढंच ती सांगते. रुग्ण प्रत्यक्षात काय घेतो ते पिशवीतून कळतं. मुंबईत या दोन्हींत बरीच तफावत सापडते. शुगरच्या गोळ्या फॅमिली डॉक्टरांच्या, हृदयाच्या परळच्या एखाद्या ओपीडीतल्या, गुडघ्याच्या गणपतीला गावी गेल्यावर चिपळूणच्या मेडिकलमधून आणलेल्या, आणि शेजारणीला गुण आला म्हणून सुरू केलेलं एखादं चूर्ण. लिहून देणाऱ्या प्रत्येकाला फक्त आपला कागद माहीत असतो. सगळे कागद एकत्र येतात ते त्या पिशवीत.

रुग्णालयातली औषधाची चूक म्हटली की लोकांना वाटतं, कोणीतरी भलतीच गोळी दिली. तसंही घडतं. पण वॉर्डात रोज चार्ट तपासताना आम्हाला जे सापडतं त्यातलं बरंचसं वेगळं असतं: यादी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना काहीतरी गळतं, दोनदा लिहिलं जातं, किंवा थांबवायचं राहून जातं. अशा जागा ठरलेल्या आहेत. दाखल होताना, आयसीयूत जाताना, तिथून परत येताना आणि घरी जाताना. म्हणून एका रुग्णाची यादी या सगळ्या जागांतून कशी जाते ते इथे मांडतो. रुग्ण नेहमीचा, अनेक केसपेपरांवरून जुळवलेला आहे: 72 वर्षांच्या आजी, वजन 45 किलो, मधुमेह, बीपी, थायरॉइड, काही वर्षांपूर्वी स्टेंट टाकलेला. थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ, दोन दिवस उलट्या. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी रक्तात तपासतात ते) 1.3.

पिशवी टेबलावर रिकामी करायची आणि एकेक स्ट्रिप हातात घेऊन चार प्रश्न विचारायचे. ही कशासाठी? दिवसातून किती वेळा? शेवटची कधी घेतली? घरी गोळ्या काढून कोण देतं? चौथा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. दाखल करायला मुलगा आलेला असतो, तो ठाण्याला कामाला असतो आणि गोळ्या सून देते. अशा वेळी सुनेला फोन लावल्याशिवाय यादी पुरी होत नाही. नुसतं “कोणती औषधं चालू आहेत?” असं विचारलं तर उत्तर येतं, “बीपीची आणि शुगरची.” म्हणून प्रत्येक प्रकाराचं नाव घेऊन विचारावं लागतं: डोळ्यांत टाकायचे थेंब, दम्याचा पंप, इन्सुलिन, मलम, झोपेची गोळी, गॅसची गोळी, कंबर दुखली की घ्यायची गोळी, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, काढा, भस्म, साबुदाण्यासारख्या होमिओपॅथीच्या गोळ्या. काचबिंदूच्या टिमोलॉल थेंबांनीसुद्धा नाडी मंदावते आणि दम्याच्या रुग्णाला धाप लागू शकते, पण “औषध” म्हणून ते कोणी सांगत नाही.

कापलेल्या स्ट्रिप हा आपल्याकडचा मोठा त्रास आहे. मेडिकलमधून दहाऐवजी चार गोळ्या मागितल्या की स्ट्रिप कात्रीने कापून मिळते. नाव एका तुकड्यावर राहतं, एक्स्पायरी आणि बॅच नंबर दुसऱ्यावर. नाव नसलेली गोळी आम्ही रंग-आकारावरून ओळखत नाही. ती बाजूला ठेवतो आणि ज्या दुकानातून आणली तिथे फोन करून बिल काढायला सांगतो. डबीत सुट्या काढून ठेवलेल्या गोळ्यांचं पावसाळ्यात आणखी वेगळं होतं. ऍस्पिरिन दमट हवेत विघटित होतं. डबीचं झाकण उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर त्या गोळ्या टाकून द्यायच्या.

आजींच्या पिशवीत काय निघतं ते बघा. ऍस्पिरिन 75 मिग्रॅची स्ट्रिप आहे, आणि ऍस्पिरिन 75, क्लोपिडोग्रेल 75 व ॲटोरव्हास्टॅटिन एकत्र असलेली कॅप्सूलही आहे. म्हणजे ऍस्पिरिन दोनदा जातंय. बीपीची टेल्मिसार्टन 40 आहे, आणि टेल्मिसार्टन 40 सोबत हायड्रोक्लोरोथायझाइड (लघवी वाढवणारं औषध) 12.5 असलेली दुसऱ्या कंपनीची गोळीही आहे. दोन्ही चिठ्ठ्यांवर वेगळी ब्रँडनावं, त्यामुळे घरच्यांच्या दृष्टीने ती दोन वेगळी औषधं. शुगरसाठी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची एकत्र गोळी आहे, शिवाय वेगळी मेटफॉर्मिन. आणि गुडघ्यासाठी ॲसिक्लोफेनॅक हे वेदनाशामक.

ॲसिक्लोफेनॅकवर आम्ही लाल पेनने खूण करतो. टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारी गोळी आणि वेदनाशामक ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आवळला जातो. एरवी निभावतं. पण दोन दिवस उलट्या झाल्या, पोटात पाणी ठरलं नाही, की क्रिएटिनिन झपाट्याने चढतं. पावसाळ्यात ताप-जुलाबाचे रुग्ण येतात तेव्हा हे त्रिकूट आधी शोधायचं. घरचे म्हणतात, “दुखण्याची गोळी काय, ती तर साधी आहे.” त्या साध्या गोळीनेच गोष्ट बिघडलेली असते.

आता 1.3 हा आकडा. लॅबच्या कागदावर तो जेमतेम वाढलेला दिसतो आणि राउंडच्या घाईत नजरेआड होतो. पण वय आणि वजन धरून मोजा: 140 उणे वय 72 म्हणजे 68, गुणिले वजन 45 म्हणजे 3060. खाली 72 (हा सूत्रातला ठरलेला आकडा, वय नव्हे) गुणिले 1.3 म्हणजे 93.6. भागाकार 32.7. स्त्री असल्यामुळे गुणिले 0.85. उत्तर, म्हणजे मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग, आलं मिनिटाला सुमारे 28 मिली. म्हणजे मूत्रपिंडाचं काम निम्म्याहून बरंच कमी. 30 च्या खाली मेटफॉर्मिन देत नाहीत, त्यामुळे ते थांबतं. जेवण जात नाहीये म्हणून ग्लिमेपिराइडही थांबतं, नाहीतर रात्री शुगर उतरते. टेल्मिसार्टन, हायड्रोक्लोरोथायझाइड आणि ॲसिक्लोफेनॅक तूर्त बंद ठेवायचे का, हे डॉक्टरांना विचारून चार्टवर तसं लिहून घ्यायचं. “बंद” हा शब्द लिहिलेला असावा. नुसतं औषध न लिहिणं म्हणजे बंद करणं नव्हे. पुढच्या शिफ्टच्या सिस्टरला ते राहून गेलं की मुद्दाम थांबवलं, हे कळायला मार्ग नसतो.

डॉक्टरांनी मेरोपेनेम हे अँटिबायोटिक 1 ग्रॅम दर 8 तासांनी लिहिलं. पहिला डोस पूर्ण आणि ताबडतोब जायला हवा. हिशेब होईपर्यंत तो अडवायचा नाही, कारण जंतुसंसर्ग रक्तात पसरत असेल तर उशीर महागात पडतो. पुढचे डोस मात्र 26 ते 50 मिलीच्या गटात दर 12 तासांनी. इथे आणखी एक चूक लपलेली असते आणि ती क्वचितच कोणी बघतं: सलाईन गेलं, उलट्या थांबल्या, तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन 0.7 वर आलं, तरी डोस 12 तासांवरच राहतो. मग औषध कमी पडतं. म्हणून आम्ही हा हिशेब रोज नव्या रिपोर्टवर करतो. रुग्णाला फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर मेरोपेनेमच्या आधीच डॉक्टरांना फोन करायचा, कारण त्याने व्हॅल्प्रोएटची रक्तातली पातळी झपाट्याने घसरते.

मेरोपेनेमचा 1 ग्रॅमचा व्हायल 20 मिली स्टराइल वॉटरमध्ये विरघळवतात आणि 3 ते 5 मिनिटांत सावकाश देतात, किंवा 100 मिली नॉर्मल सलाईनमध्ये घालून अर्ध्या तासात. कुठलं औषध कशात मिसळायचं याचा तक्ता प्रत्येक वॉर्डात औषध तयार करायच्या टेबलासमोर, डोळ्यांच्या उंचीवर लावलेला हवा. फेनिटॉइन फक्त नॉर्मल सलाईनमध्ये. डेक्स्ट्रोजमध्ये त्याचे खडे बनतात. साधं ॲम्फोटेरिसिन बी बरोबर उलट, फक्त 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्ये. सेफ्ट्रिॲक्सोन रिंगर लॅक्टेटमध्ये मिसळायचं नाही, कारण त्यात कॅल्शियम असतं. व्हॅन्कोमायसिन 1 ग्रॅम किमान तासभर. घाई केली की मान आणि चेहरा लाल होतो, खाज सुटते आणि बीपी उतरतं. लोक त्याला ॲलर्जी समजून केसपेपरवर लिहितात आणि उपयोगाचं औषध त्या रुग्णासाठी कायमचं बाद होतं.

मेरोपेनेम शेड्यूल एच-1 मधलं, म्हणजे विक्रीवर जादा नियंत्रण असलेल्या सरकारी यादीतलं औषध. 1 मार्च 2014 पासून या यादीतल्या औषधांसाठी वेगळी वही ठेवावी लागते: रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव-पत्ता, औषध, किती दिलं. ती 3 वर्षं जपायची असते.

आजींचं पोटॅशियम उलट्यांमुळे घटून 2.9 निघालं. ते भरून काढायचं पोटॅशियम क्लोराइड आम्ही वॉर्डाच्या मोकळ्या कपाटात ठेवू देत नाही. 10 मिलीचा अँप्यूल, 15 टक्के, त्यात 20 मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक). प्लॅस्टिकचा, पारदर्शक, आत पाण्यासारखं द्रव. शेजारी स्टराइल वॉटरचा अँप्यूल ठेवून बघा, रात्री तीन वाजता ट्यूबलाइटच्या उजेडात दोन्ही सारखेच दिसतात. न मिसळता शिरेतून ढकललं तर हृदय थांबतं. म्हणून जागा वेगळी, कुलूप, लाल लेबल, आणि देण्याआधी दोघांची सही. साध्या वॉर्डात 500 मिलीच्या बाटलीत एक अँप्यूल, आणि तासाला 10 मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त वेग नाही. म्हणजे ती बाटली दोन तासांच्या आत संपता कामा नये.

आणि हे करायचं कसं, ते नीट बघा. बाटली स्टँडवर टांगलेली असताना खालच्या तोंडातून पोटॅशियम टोचलं तर ते जड असल्यामुळे तिथेच तळाशी बसतं. वर 500 मिली सलाईन असूनही पहिल्या काही मिनिटांत रुग्णाला जवळजवळ न मिसळलेलं पोटॅशियम जातं. आधी हाताची जळजळ होते, मग मॉनिटरवर गडबड दिसते. बाटली खाली उतरवायची, औषध घालायचं, बाटली उलटी-सुलटी किमान दहा वेळा करायची, लेबल लावायचं, मगच टांगायची. चालू बाटलीत कधीच घालायचं नाही. एवढं करूनही पोटॅशियम वर येत नसेल तर मॅग्नेशियम तपासायला सांगायचं. ते कमी असलं तर पोटॅशियम लघवीवाटे निघून जात राहतं. शिवाय आजींचं मूत्रपिंड मंद आहे, म्हणून दुसरी बाटली लावण्याआधी नवा रिपोर्ट हवाच.

शुगरसाठी इन्सुलिन सुरू झालं. इथे भारतातला एक खास धोका आहे आणि तो आम्ही प्रत्येक नव्या सिस्टरला हातात वस्तू देऊन दाखवतो. आपल्याकडचे ह्यूमन इन्सुलिनचे व्हायल बहुतेक 1 मिलीत 40 युनिटचे असतात. त्यांची सिरिंज लाल टोपीची. पेनची कार्ट्रिज मात्र 1 मिलीत 100 युनिटची, आणि त्या ताकदीची सिरिंज नारिंगी टोपीची. आता समजा पेनची सुई संपली आहे आणि कोणी कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने “10” पर्यंत ओढलं. त्या खुणेपर्यंत पाव मिली येतं. 100 च्या इन्सुलिनचं पाव मिली म्हणजे 25 युनिट. दहाच्या जागी पंचवीस. उलट केलं, 40 चं इन्सुलिन नारिंगी टोपीच्या सिरिंजने, तर दहाच्या जागी चारच युनिट जातात आणि शुगर का उतरत नाही म्हणून डोस वाढवत नेतात. हा दुसरा प्रकार जास्त फसवा आहे, कारण वाढवलेल्या डोसवर रुग्ण घरी जातो, तिथे बरोबर सिरिंज मिळते, आणि त्या रात्री शुगर एकदम उतरते. नियम साधा: कार्ट्रिजमध्ये सुई खुपसायची नाही, आणि व्हायल व सिरिंज एकाच ट्रेमध्ये जोडीने द्यायची. चार्टवर “युनिट” पूर्ण लिहायचं. नुसता यू लिहिला की तो शून्यासारखा दिसतो आणि 4 चे 40 होतात.

असाच घोळ रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचा. 5 मिलीचा व्हायल, एकात एकूण 5000 युनिट, दुसऱ्यात 25,000. आकार तोच. वॉर्डात एकच ताकद ठेवली की प्रश्न मिटतो.

आजींचं बीपी उतरलं आणि त्या दोन दिवस आयसीयूत गेल्या, असं धरू. आयसीयूत सगळा चार्ट नव्याने लिहिला जातो. थायरॉइडची गोळी, थायरॉक्सिन, इथे हमखास गळते, कारण त्या घडीला ते कोणालाच तातडीचं वाटत नाही. दोन दिवसांनी काही बिघडत नाही, पण तिथून गळलेलं औषध वॉर्डातही येत नाही आणि घरच्या यादीतही. उलट, पोटात अल्सर होऊ नये म्हणून सुरू केलेलं पँटोप्राझोल वॉर्डात येतं, डिस्चार्जच्या कागदावर चढतं, आणि पुढची कित्येक वर्षं रुग्ण ते घेत राहतो. म्हणून वॉर्ड बदलला की आम्ही तीन कागद शेजारी ठेवतो: घरची यादी, आयसीयूचा चार्ट, नवा चार्ट. प्रत्येक ओळीला उत्तर हवं: चालू, बदललं, की बंद, आणि का.

नाकातून राइल्स ट्यूब (जठरात जाणारी नळी) असेल तर आणखी एक चाळणी. मेटफॉर्मिन एसआर, मेटोप्रोलॉल एक्सएल अशा हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या कुटायच्या नाहीत. दिवसभराचा डोस एकदम सुटतो. पँटोप्राझोलवरचं आवरण जठरातल्या आम्लापासून वाचवण्यासाठीच असतं, ते कुटलं की औषध वाया. प्रत्येक गोळी वेगळी विरघळवायची, मध्ये 15 ते 30 मिली पाणी सोडायचं. सगळ्या एकत्र कुटून घातल्या की नळी तुंबते, मग ती बदलावी लागते आणि त्रास रुग्णाला होतो.

वॉर्डातल्या वेळाही आम्ही जुळवून घेतो. सकाळी सहाच्या सुमारास चहा येतो, औषधांचा राउंड आठला. थायरॉक्सिन आठच्या राउंडला ठेवलं तर ते चहा-बिस्किटांवर जातं आणि नीट शोषलं जात नाही. ते साडेपाचला, रिकाम्या पोटी. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, दोन्हींत चार तासांचं अंतर.

डिस्चार्जचा दिवस सगळ्यात घाईचा असतो. बिल, मेडिक्लेमची मंजुरी, टॅक्सी, आणि या सगळ्यात फाईलमध्ये खोचलेला औषधांचा कागद. आम्ही कागदावर तीन रकाने करून घेतो: पूर्वीपासून चालू, नवीन किंवा बदललेली, आणि बंद. तिसरा रकाना कोणी आपणहून लिहीत नाही, तो मागून घ्यावा लागतो. आजींच्या बाबतीत त्यात ॲसिक्लोफेनॅक, सुटं ऍस्पिरिन, जादाची टेल्मिसार्टन आणि वेगळी मेटफॉर्मिन यांची नावं येतात, ब्रँडनावासकट, कारण घरचे ब्रँडच ओळखतात. दाखल होताना घेतलेली पिशवी परत देताना ह्या स्ट्रिप वेगळ्या काढून, “बंद” लिहून, वेगळ्या पाकिटात देतो. रुग्णाची मालमत्ता आहे, परस्पर फेकता येत नाही. पण नातेवाईक हो म्हणाले तर तिथेच नष्ट करायला ठेवून घेतो, ते सगळ्यात बरं.

मग सांगायचं, आणि सांगून झाल्यावर त्यांच्याकडून वदवून घ्यायचं. “कळलं ना?” असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात. “आज रात्री आईंना काय काय देणार, दाखवा बघू,” असं म्हटलं की स्ट्रिप हातात घेऊन चाचपडायला लागतात आणि नेमकं काय कळलं नाही ते दिसतं. जे आठवड्यातून एकदा घ्यायचं, उदाहरणार्थ सांधेदुखीतलं मेथोट्रेक्सेट, त्यावर वाराचं नाव लिहायचं. “आठवड्यातून 1” हे घाईत “रोज 1” असं वाचलं जातं, तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घसरतात, जिवावर बेततं. अशी गोळी एका वेळी चार आठवड्यांच्या वर देऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. हृदयाचं डिगॉक्सिन आठवड्यातले पाच दिवस लिहिलं असेल तर कोणते दोन दिवस सुटी, तेही वारांनी.

इन्सुलिन घेऊन जाणाऱ्यांना प्रवासाचं विचारतो. परळहून बदलापूर किंवा विरार म्हणजे लोकलचे दीड-दोन तास, घरापर्यंत आणखी. बर्फाच्या पाकिटाला इन्सुलिन थेट चिकटलं तर गोठतं, आणि गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी निरुपयोगी असतं. पाकिटाला रुमाल गुंडाळायचा, किंवा थंडावा असलेल्या साध्या डब्यात न्यायचं. घरी फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, दारात नाही, फ्रीझरजवळ तर नाहीच. वापरात असलेला व्हायल चार आठवड्यांनी टाकून द्यायचा, म्हणून उघडल्याची तारीख त्याच्यावर पेनाने लिहायची. एका घरात दोन सिरिंजा, एक लाल आणि एक नारिंगी टोपीची, असतील तर चुकीची तिथेच वेगळी काढून घ्यायची.

औषधाने अंगावर पुरळ आलं, ओठ सुजले, काही विपरीत झालं, तर आधी जवळच्या डॉक्टरांकडे. नंतर त्याची नोंद देशाच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमात कोणालाही करता येते, रुग्णालासुद्धा. 1800-180-3024 हा त्याचा टोल फ्री क्रमांक आम्ही कागदाच्या तळाशी छापतो.

तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी फोन. विचारायचं एवढंच: आज सकाळी कोणत्या गोळ्या दिल्या, स्ट्रिपवरची नावं वाचून दाखवा. मेडिकलने त्याच औषधाचा दुसरा ब्रँड दिला असेल आणि जुनाही घरात असेल, तर ते इथेच उघडं पडतं. मग दुखण्यासाठी काय घेताय ते विचारायचं. पॅरासिटॅमॉल चालतं, पण क्रोसिन, कॅल्पोल आणि डोलो ही सगळी तीच गोळी आहे हे सांगायचं. आणि शेवटी क्रिएटिनिनची तारीख: आठवड्याने रक्त तपासून तो कागद दाखवल्याशिवाय मेटफॉर्मिन स्वतःहून पुन्हा सुरू करायची नाही.